पाणी सोड, पाणी!

इतवारीतल्या आमच्या शाळेत मी मराठी शिकवायचे आणि भिंतीपलीकडच्या प्रयोगशाळेत एक बाई रसायनशास्त्र शिकवायच्या. मॅट्रिकच्या मुलींना समजावताना त्यांचा ठणठणीत आवाज माझ्या वर्गापर्यंत यायचा. “आम्ल हायड्रोजन आयन देते, आम्लारी तो घेते. समजलं का वं?” मग उत्तर येईपर्यंत त्या फळ्यावर खडू आपटत राहायच्या. शिक्षकखोलीत मात्र कोणाशी जेमतेम बोलायच्या.

एकदा पलीकडून किंकाळी आली, तशी मी धावले. एका मुलीच्या हातावर तीव्र आम्ल सांडलं होतं आणि तिची मैत्रीण आम्लावर आम्लारीचा उतारा म्हणून घाईघाईनं कॉस्टिक सोड्याची बाटली उघडत होती.

“ठेव ते!” बाई ओरडल्या. “तेही जाळते! दोन्ही भेटले का अजून गरमी निघते. पाणी सोड, पाणी!”

तो हात नळाखाली धरून त्या कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. पदर, चपला सगळं भिजलं. शेवटी म्हणाल्या, “बोटं हलव पाहू.” मुलीनं हलवली. कातडी नुसती लाल झाली होती.

मुली गेल्यावर त्या स्टुलावर मटकन बसल्या.

“चहा सांगता का बाई?”

इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे काही मागितलं होतं. मी दोन कप सांगितले.