साडूच्या भिंतीतली फट

लोक दुसऱ्याचा बंगला बघून जळतात. आमचा ओळंबा साडूच्या भिंतीतली फट बघून जळायचा.

ओळंबा हे काही त्याचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. कोळसा काढून झाला की खाणीत पोकळी उरते. तिच्यात दगड रचून वरचा भार तोलून धरायचा, हे त्याचं काम. एकतीस वर्षं त्याने ते केलं, आणि प्रत्येक थराला ओळंबा लावून केलं, म्हणून हे नाव. शेजारच्या पोकळीत तेच काम त्याचा साडू करायचा. त्याला सगळे 'चालतंय' म्हणत. दगड डुगडुगला तरी हा म्हणायचा, "चालतंय!" पुढे चार दगड नीट लावायचा, मागे माती ढकलायचा आणि लवकर वर येऊन गरम पाणी संपवून टाकायचा. ओळंबा उशिरा यायचा आणि गार पाण्याने अंघोळ करायचा. पगार दोघांना सारखाच. ओळंब्याच्या पोटात तेव्हापासून दुखत होतं.

त्यात दोघांची घरं एकमेकांना खेटून, आणि ज्याचं घर त्याच्याच कामावर उभं. खाण बंद पडली. दुकान गेलं, दवाखाना गेला, रस्त्यातल्या निम्म्या दारांना कुलपं लागली. मग जमीन खचायला लागली. भिंतीला तडा दिसला की मोजणीवाल्या बाई त्यावर काचेची पट्टी चिकटवून जात. काच फुटली म्हणजे तडा वाढतोय, घर धोक्याचं. मग त्या कुटुंबाला शहरात नवं घर.

चालतंयची काच आठ दिवसांत फुटली.

ओळंब्याच्या स्वयंपाकघरात केसाएवढी चीर होती. तिच्यावरची काच सहा महिने जशीच्या तशी. त्याची बायको ती रोज आशेने पुसायची. दोन्ही घरांतल्या बायका सख्ख्या बहिणी, जन्मात कधी एका भिंतीपेक्षा दूर राहिल्या नव्हत्या.

"ताई गेली की मी बोलू कुणाशी? तुमच्या दगडांशी?" ती विचारायची.

 काहीतरी निमित्त काढून ओळंबा साडूकडे जाई आणि फटीत बोट घालून बघे. आज एक पेर, उद्या दोन. घरी आल्यावर घास उतरत नसे. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! ज्याने कामात माती खाल्ली त्याला गॅलरीचं घर, आणि आपण मात्र इथेच.

शेवटच्या पाहणीला बाई आल्या तेव्हा चालतंयही मागोमाग आला.

"काच शाबूत आहे," बाई म्हणाल्या. "पण या घराखालच्या पोकळीत दगडांची भर कशी घातली होती, त्याची नोंद सापडत नाही. भर घालणाऱ्यानेच कच्ची होती असं लिहून दिलं, तर घर यादीत घेता येईल. कुणी घातली होती?"

"मी."

"कच्ची होती?"

बायको काच पुसायचं फडकं घेऊन पुढे झाली. ओळंब्याने पेन हातात घेतलं. चालतंय कानाशी कुजबुजला, "अरे, हो म्हण. तुझं काय जातंय? आपण सगळे तसंच तर करायचो."

मनापासून बोलला बिचारा. पण तो गप्प राहिला असता तर सही झाली असती. 'आपण सगळे' म्हणे! एकतीस वर्षं गार पाण्याने अंघोळ केली ती काय यासाठी? या माणसासारखं घर आपल्याला मिळालं नाही तरी चालेल, पण त्याच्या पंगतीत बसायचं नाही. ओळंब्याने पेन खाली ठेवलं.

"पक्की आहे," तो म्हणाला. "शंभर वर्षं हलायची नाही. लिहा तसं."

बाईंनी लिहिलं.

चालतंयचं सामान निघालं त्या दिवशी ट्रकवरच्या दोऱ्या ढिल्या होत्या. ओळंब्याला राहवलं नाही, त्याने त्या आवळून दिल्या. बहिणी गळ्यात पडून रडल्या. ट्रक वळणाआड गेला तरी बायको घरात येईना, म्हणून तो शोधायला गेला. ती बहिणीच्या रिकाम्या खोलीत भिंतीपाशी उभी होती. तिचा हात मनगटापर्यंत फटीत होता.

"जन्मभर भाऊजींवर जळलात," ती वळून न बघता म्हणाली. "एकदा तरी माझ्यासाठी त्यांच्यासारखं काम करायचं होतंत."