कुंडीतला चिखल

हरिहर केळकर म्हणजे डोंबिवलीतला एक नंबरचा लबाड म्हातारा. बायको गेली, हेमाताई, आणि या माणसाचं जेवणावरचं, बोलण्यावरचं मनच उडालं. खुर्ची सुटेना. पण लबाडी मात्र शाबूत राहिली, बरं का! डॉक्टर म्हणाले, "गोळ्या निम्मं काम करतील. उरलेलं मोकळ्या हवेत, चार माणसांबरोबर चालून व्हायला हवं." खडवलीला मैथिली नावाची समुपदेशक अशा खचलेल्या मंडळींना दर रविवारी नदीकाठी चालवायची. सूनबाईनं, हेमांगीनं, सासऱ्यांना तिथे धाडायचं ठरवलं. बाबा असेच बसून राहिले तर हातचे जातील, ही भीती तिला सारखी खायची.

हरिहरराव घरातून निघायचे खरे. पण स्टेशनजवळच्या बागेत बाक अडवून बसायचे, मैथिलीला फोनवर खोकून दाखवायचे आणि पिशवीतून नेलेला चिखल बुटांना फासून ऐटीत घरी परतायचे. वर आणखी, "काय ती नदी, वा!"

एकदा हेमांगी ते बूट पुसायला बसली. चिखलात चहाची पूड? अगं बाई, ही तर ती रोज चहाचा चोथा टाकते त्या गॅलरीतल्या गुलाबाच्या कुंडीतली माती! तिनं कपाळाला हात लावला आणि मैथिलीला सगळं सांगून टाकलं.

मैथिली वस्ताद. रागावली नाही. हरिहररावांना फोन करून म्हणाली, "काका, तुम्ही नका चालू. पण टिटवाळ्याच्या शांताबाई आहेत, लेक परदेशी गेल्यापासून खचल्यात. जबाबदार माणूस सोबत असेल तरच पाऊल उचलतील."

जबाबदारी! आख्ख्या नोकरीत ज्याला एक लेटमार्क नाही, त्याच्या कानावर हा शब्द पडला की संपलंच. पुढच्या रविवारी म्हातारा वेळेआधी खडवलीत हजर. "चला शांताबाई, उचला पाय," म्हणत स्वतःही चालू लागला. शांताबाई कसल्या ऐकतात! "तुम्हीच मागे पडताय," म्हणायच्या.

मग हेमाताईंचा वाढदिवस नेमका रविवारी आला. हरिहररावांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. हेमांगीनं विनवलं, व्यर्थ. उन्हं वर आल्यावर बेल वाजली. दारात शांताबाई, घामाघूम.

"काय हो, झोपा काढताय? खडवलीला वाट बघून पाय दुखले माझे! मैथिलीनं तुम्हाला चालवायची जबाबदारी माझ्यावर टाकलीय. मी काय तोंड दाखवू तिला?"

"तुमच्यावर? अहो, तुमची जबाबदारी माझ्यावर आहे!"

दोघांच्याही डोक्यात एकदमच प्रकाश पडला. आणि हरिहरराव हसले, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. हेमाताई गेल्यापासून या घरानं हे हसू ऐकलंच नव्हतं. हेमांगी गॅस बंद करून नुसती उभी राहिली.

"आपल्याला कळलंय, हे त्या मैथिलीला कळता कामा नये हं," हरिहरराव बूट चढवत म्हणाले. "बिचारीचा हिरमोड होईल."

संध्याकाळी दारात चिखलानं माखलेले बूट पडले होते. हेमांगीनं नखानं थोडा चिखल खरवडून निरखून पाहिला. चहाची पूड नव्हती. तिला रडूच आलं, आणि तिनं ते बूट पुसले नाहीत.