कुंदाकाकूंच्या तळघरातली टीम

मैदानावर सगळे टाळ्या वाजवत तेव्हा कुंदाकाकू पर्समध्ये सुपारी शोधत असत. पण आपला एखादा खेळाडू बाद होऊन मान खाली घालून परत यायला लागला, की त्या उभ्या राहून एकट्याच टाळ्या वाजवत. पहिल्यांदा मला वाटलं, त्यांना खेळ समजत नसावा. तसं मी विचारलंही.

"समजतो रे," त्या म्हणाल्या. "चेंडू मारणाऱ्यासाठी सगळेच वाजवतात. याच्यासाठी कोण वाजवणार?"

आमचं गाव शिकागोपासून दोन तासांवर आहे. गावाची बेसबॉलची एक लहान टीम आहे. मोठ्या लीगचे क्लब आपली होतकरू मुलं अशा गावोगावच्या टीममध्ये ठेवतात. चांगला खेळला तर वर बोलावतात, नाही तर घरी पाठवतात. पगार जेमतेम, म्हणून त्या काळी गावातली कुटुंबं उन्हाळाभर या मुलांना आपल्या घरी ठेवून घेत. काकूंचे यजमान, डॉ. देशमुख, नागपूरहून फार पूर्वी इथे आले होते. ते वारले, मुलगी न्यू जर्सीत पार्सिपनीला स्थायिक झाली, तेव्हा काकूंनी तळघरात दोन पलंग टाकले आणि टीमच्या ऑफिसला फोन केला. मी शेजारी. कारण विचारलं तर म्हणाल्या, "घर खायला उठून राहिलं होतं."

घर शाकाहारी. डाळ-तांदूळ शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानांतून पोत्यानं यायचे. डॉमिनिकन रिपब्लिकहून खेळायला आलेली मुलं वरण-भातावर आपला तिखट सॉस ओतून जेवत. सराव बुडेल म्हणून कोणी घाईनं निघालाच, तर काकू दारात उभ्या. "यू ईट फर्स्ट, देन बेसबॉल. उपाशी पोटी काय डोंबल मारशील?" शेवटचं वाक्य मराठीतच, आणि ते त्या मुलाला नेमकं कळायचं.

टीमचा इतिहास मी त्यांच्याकडूनच शिकलो. मी विमा कंपनीत आकडेमोड करणारा माणूस. मला साल लागतं. काकूंना साल कधीच आठवत नसे. "टीमचं नाव बदललं ना, तेव्हा माझ्याकडे मिगेल होता. शर्टावर नवं नाव आणि टोपीवर जुनंच." "वादळात स्टँडचं छप्पर उडालं तेव्हा उंच टायलर. त्याचे पाय पलंगाबाहेर."

वर बोलावणं येवो की घरी पाठवणं होवो, मुलाला त्याच दिवशी सामान बांधावं लागतं. काकूंना हे सुरुवातीला ठाऊक नव्हतं. आंद्रे नावाचा मुलगा बॅग भरताना दिसला, तशा त्या आनंदानं दही-साखर घेऊन तळघरात उतरल्या. त्याच्या तळहातावर दही ठेवून म्हणाल्या, "गुड लक इन बिग टीम!" त्यानं ते मुकाट्यानं चाटलं आणि म्हणाला, "दे लेट मी गो, ऑन्टी." त्याला टीममधून काढून टाकलं होतं.

काकूंनी ते फार मनाला लावून घेतलं. पण दही बंद केलं नाही. पुढे जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर, कुठे चाललास हे न विचारता, दही ठेवू लागल्या. मला म्हणाल्या, "वर जाणाऱ्यालाच रस्ता असतो का? हाही कुठे तरी चाललाच आहे."

काही वर्षांपूर्वी मोठ्या क्लबनं आमच्या टीमशी संबंध तोडला. आता उन्हाळ्यात कॉलेजची मुलं खेळतात. नव्या मालकानं प्रवेशदाराशी टीमच्या इतिहासाची भिंत करायची ठरवली. मॅनेजर ब्रायन भिंतीचा नकाशा घेऊन काकूंकडे आला तेव्हा मीही होतो. मोठ्या लीगपर्यंत पोचलेल्यांचे फोटो, आणि उजवीकडे खुद्द काकूंचा, मुलांना घर देणाऱ्या सगळ्यांच्या वतीनं.

"अँड द अदर्स?" काकूंनी विचारलं.

"विच अदर्स, मिसेस डी?"

"सुधीर, समजाव रे याला. इथे खेळले ते सगळे."

ब्रायन ओशाळला. जागा नाही म्हणाला. लोक स्टार बघायला येतात म्हणाला. काकूंनी नकाशावरच्या आपल्या फोटोवर बोट ठेवलं. "मी एक रन तरी काढला का? हे काढा. सुधीर, तू आकड्यांचा माणूस ना? या जागेत किती नावं बसतात, सांग."

मी हिशेब केला. ठळक अक्षरात निम्मीही बसत नव्हती. "बारीक केलं तर सगळी बसतील, काकू. पण वाचायला चष्मा लागेल."

"लागू दे. त्यांच्या आया आता चष्म्याच्याच वयाच्या झाल्या असतील."

"बट यू डिझर्व्ह इट," ब्रायन म्हणाला.

"मला टांगून काय करता? घरी आहे, येऊन भेटा."

निर्णय मालकाच्या हातात होता. त्याला घाई नव्हती, आणि काकूंच्या हृदयाला डॉक्टरांनी फार मुदत दिली नव्हती. मी गेलो की पहिला प्रश्न ठरलेला: "काय म्हणून राहिला तुझा ब्रायन?" होकार आला तेव्हा त्या हॉस्पिटलमध्ये होत्या. मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली. मग म्हणाल्या, "ऑफिसच्या यादीवर विसंबू नको. जे आठवडाभरच राहिले, त्यांना ऑफिस विसरतं." पुढच्या दोन दुपारी त्यांनी आठवून आठवून नावं सांगितली, मी लिहून घेतली. त्यातली बरीच ऑफिसच्या यादीत नव्हती. ती मी ब्रायनला दिली. भिंत लागायच्या आधीच, हिवाळ्यात, काकू गेल्या.

या वर्षीच्या पहिल्या सामन्याला मी लवकर पोचलो. भिंतीच्या उजव्या भागापाशी एक अंगानं सुटलेला, पन्नाशीचा माणूस वाकून वाचत होता. मी त्याला ओळखत नव्हतो. त्याचं बोट ओळीवरून सरकत एका नावावर थांबलं. ते तसंच ठेवून त्यानं बायकोला फोटो काढायला लावला. मग इकडेतिकडे बघून त्यानं मला विचारलं, इथे एक भारतीय बाई मुलांना ठेवून घ्यायच्या, त्यांचं नाव कुठे आहे?

मी म्हणालो, "तुम्ही बोट ठेवलंय ना, ती जागा त्यांचीच."

त्यानं बोट उचललं नाही.