साडू पुण्यात राहून बघतो

पगार दुप्पट होणार हे ऐकून ज्याचा चेहरा पडतो असा माणूस साऱ्या पृथ्वीतलावर एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझं नशीब! माझ्या धाकट्या मेहुणीचा नवरा. राहायला कोल्हापुरात मंगळवार पेठेत, नोकरी कागलच्या एमआयडीसीत, एका फौंड्रीत. ओतकामाचे साचे बनवण्यात त्याचा हात धरणारा नाही. बिघडलेल्या भागावरून नुसता अंगठा फिरवून चूक कुठं झाली ते सांगतो. अशा माणसानं पहिली पाळी सुटली की घरी येऊन तासभर आडवं व्हावं आणि उठून गवळ्यांच्या कट्ट्यावर म्हशीचं धारेचं दूध प्यावं, यातच जन्माचं सार्थक मानावं! बरं, दूध तरी सरळ प्यावं? समोर चार म्हशी उभ्या, गवळी पेला घेऊन खोळंबलेला, आणि हा एकेकीचा चेहरा न्याहाळतोय. "हिचा आज मूड न्हाय. पलीकडची बघ." परक्या म्हशीचा मूड सांभाळणारा हा गृहस्थ बायकोची साडीखरेदी मात्र पाच मिनिटांत उरकतो, असं मेहुणीचं म्हणणं आहे.

त्याच्या रजेच्या अर्जांचा तर संग्रह करायला हवा. एकदा त्यानं कारण लिहिलं, 'शेजाऱ्यांची म्हैस व्याली.' साहेबांनी विचारलं, "अहो, तुमची तरी आहे का ती?" हा म्हणाला, "माझी न्हाय, पण चीक तर मलाच आणायचा हाय की." साहेब मुकाट्यानं सही करते झाले. दुसऱ्या दिवशी अख्ख्या खात्यानं खरवस खाल्ला, सर्वांत मोठी वडी साहेबांनी.

मी चौदा वर्षं पुण्यात आहे. तिथल्या एका मोठ्या कंपनीत मी याच्यासाठी शब्द टाकला. मेहुणी हरखली. खरं सांगायचं तर मेहुणीपेक्षा गरज माझीच जास्त होती. पुण्यात मला माझं म्हणावं असं एक माणूस हवं होतं. मुलाखतीला मी बाहेरच बसलो होतो, दाराच्या फटीतून सगळं ऐकू येत होतं. टेबलावरचा नमुना हातात घेऊन यानं दोन मिनिटांत त्यातला दोष सांगितला. साहेब खूश. तुम्हाला काही विचारायचंय का, म्हणाले.

"रक्षाविसर्जनाला सकाळी दोन तास सोडता न्हवं?"

साहेब दचकले. "कोणाच्या?"

"आता ते आगाऊ कसं सांगू?"

तरीही त्याला घेतलं! मी म्हटलं, जिंकलो. याचं मात्र एकच पालुपद, "आधी राहून बघतो, मग सांगतो." आठ दिवसांची रजा काढून तो माझ्या फ्लॅटवर येऊन राहिला. तिसऱ्या दिवशी वॉचमन त्याला रामराम घालू लागला. पाचव्या दिवशी त्यानं शोध लावला की आमच्या समोरच्या दारातलं कुटुंब शिरोळचं आहे. अकरा वर्षं आमची दारं समोरासमोर, आणि मला पत्ता नाही! हा त्यांच्याकडं भरीत-भाकरी खाऊनही आला. हे सगळं मला बायकोनं सांगितलं. मी सकाळी सातला बाहेर पडायचो, परत येईपर्यंत पाहुणा झोपलेला असायचा.

नवव्या दिवशी सकाळी त्याला सोडायला स्वारगेटला गेलो. खिडकीशी बसत तो म्हणाला, "साडू, रागावू नका. न्हाय जमायचं मला."

मी भडकलोच. "अरे, माझ्या शब्दाची काही किंमत? आठ दिवसांत कुणी काय त्रास दिला तुला?"

"त्रास कुणीच दिला न्हाय. घरात ताईंनी तर लाड केले." तो जरा घुटमळला. "पण तुमच्याबरोबर राहायचं म्हणून आलतो. एकदाच आपण संगट जेवलो. तेबी तुम्ही फोनवर होता."

त्यानं हात बाहेर काढून माझा दंड दाबला. "या की एकदा कोल्हापूरला. सवडीनं या." मी मान डोलावली.

एसटी निघून गेली. ऑफिसला उशीर होत होता, तरी मी तिथंच उभा राहिलो. माझं माणूस हवं म्हणून मीच त्याला बोलावलं होतं.