अर्धवट राहिलेले एकोणीस गेम

आमच्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूनं मी एक कागद चिकटवला होता. त्यावर एकोणीस गेमची नावं. सगळे मीच सेल लागला की घेतलेले, आणि सगळे अर्धवट सोडलेले. कुठला दोन तास खेळून, कुठला पार शेवटच्या राक्षसापर्यंत जाऊन. कागदाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: नवीन गेम बंद. एका वेळी एकच. शेवटी पडद्यावर बनवणाऱ्यांची नावं वर सरकायला लागली की मगच काट मारायची.

बायकोला वाटलं, नवरा सुधारला. मी ज्या फौंड्रीत आहे तिथल्या दोस्तांना सांगितलं तर ते पोट धरून हसले. चाळिशीचा बाप्या आणि चॅलेंज कसलं, तर म्हणे गेम संपवायचं! मीही त्यांच्यात हसून घेतलं. खरं कारण कुणालाच सांगितलं नव्हतं. माझे डोळे जाणार अशी मला भीती होती, आणि ते जायच्या आत मला हे सगळं बघून घ्यायचं होतं.

ही भीती काही हवेतून आली नव्हती. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, काचबिंदू होता. आमच्याकडं डोळ्याला काही झालं की सगळे मोतीबिंदूच म्हणतात, ऑपरेशन केलं की सुटलो. काचबिंदू तसा नाही. तो दुखत नाही, खुपत नाही, गुपचूप कडेकडेनं नजर खात आत येतो. आबा सायकलवरनं दोनदा गटारीत पडले. आम्ही म्हणालो, वय झालं. दवाखान्यात नेलं तेव्हा एका डोळ्याला फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं, आणि दुसराही पुढं गेलाच. शेवटची सहा वर्षं ते आमच्या उचगावच्या घरात भिंतीला हात लावून चालले. टीव्हीवर कुस्ती लागली की पुढं येऊन बसायचे आणि मला विचारायचे, कोण वर हाय? मी सांगायचो. कधी कंटाळा आला की न बघताच काहीतरी ठोकून द्यायचो. त्याची लाज मला अजून वाटते.

गेल्या दिवाळीनंतर मी चष्म्याचा नंबर बदलायला गेलतो. डॉक्टरांनी डोळ्यातलं प्रेशर बघितलं, घरात कुणाला काचबिंदू होता का विचारलं आणि मी आबांचं सांगितल्यावर शेजारच्या खोलीत फील्ड टेस्टला, म्हणजे कडेची नजर तपासायला पाठवलं. 

ती टेस्ट अशी असते. हनुवटी टेकवून बसायचं, एका डोळ्यावर पट्टी. समोर पांढरं, अर्धगोल, भल्या मोठ्या परातीगत काहीतरी, त्याच्या मधल्या दिव्यावरनं नजर हलवायची नाही. आजूबाजूला कुठंही बारीक ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. आता तुम्हीच सांगा, शाळेपासनं बटणं बडवत आलेल्या माणसाच्या हातात हे दिल्यावर तो काय करणार? मी ती जिंकायला बसलो. दोन मिनिटांत मला ताल सापडला. ठिपका यायच्या आधी यंत्राच्या आत मोटर बारीक आवाज करायची. आवाज आला की क्षणभर थांबायचं आणि दाबायचं, ठिपका दिसो न दिसो. दोन्ही डोळ्यांना तेच केलं. बाहेर आलो तेव्हा छाती फुगली होती.

टेस्ट घेणारी पोरगी कागद बघून म्हणाली, काका, लई दाबलंय तुम्ही. काका म्हणाल्याचाच मला पहिला राग आला. डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला. म्हणाले, यावर माझा भरवसा नाही, डोळ्याच्या नसेची मला शंका आहे, पंधरा दिवसांनी परत करू. मी व्हय व्हय म्हणालो आणि घरी येऊन बायकोला तोंड वर करून सांगितलं की सगळं एकदम ओके आहे. पंधरा दिवस गेले, मग महिने गेले. त्या दवाखान्यावरनं जायला नको म्हणून मी लांबचा रस्ता धरायला लागलो. कपाटाला कागद लागला तो टेस्टच्याच आठवड्यात.

पहिली शिफ्ट करून मी चारला घरी यायचो. आमच्या पोरीला शाळेतनं आणायचं साडेपाचला, तोवर दीड तास माझा. पहिल्यांदा जंगलाचा गेम घेतला. खेळणं बाजूलाच, मी झाडाची पानं बघत बसायचो, पाण्यावरचं ऊन बघायचो. हे किती दिवस दिसणार, हे एकच डोक्यात. एक गेम संपला की आनंद व्हायला पाहिजे, मी उलट उरलेली नावं मोजत बसायचो. फेब्रुवारीपर्यंत चार नावांवर काट बसली. रोज सकाळी एक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचायची आणि बरं दिसतंय की म्हणून स्वतःची समजूत घालायची, असं चाललं होतं. काचबिंदूत मधली नजर शेवटपर्यंत शाबूत राहते हे आबांच्या वेळी मी स्वतः ऐकलेलं. तरी कॅलेंडर वाचायचो.

पाचवा गेम भुताच्या बंगल्याचा. चार वर्षांपूर्वी भिऊन सोडलेला. त्यात एका जिन्यावर केस सोडलेली बाई यायची आणि खेळ खलास. पहिल्या दिवशी पाचदा मेलो, दुसऱ्या दिवशी सातदा. ती कुठनं येते हेच कळायचं नाही. मी तो गेम बनवणाऱ्यांच्या सात पिढ्या उद्धारल्या, एकदा गेमचा रिमोट गादीवर आपटला. बायको म्हणाली, भुताला तुमची भीती वाटंल असलं काय तर करा. मला हसू आलं नाही.

त्याच आठवड्यातली गोष्ट. पोरीला मागं बसवून शाळेतनं येत होतो. पुढं उसाची ट्रॉली, ठासून भरलेली, बाहेर लोंबलेली. मी उजवीकडनं गाडी काढली आणि मागनं पोरगी किंचाळली. उसाचं पान तिच्या गालावरनं ओढत गेलं होतं, डोळ्याच्या खाली दोन बोटांवर रक्ताची रेघ. मी ट्रॅक्टरसमोर गाडी आडवी घातली आणि ड्रायव्हरला वाट्टेल ते बोललो. ऊस भरायची अक्कल नाही इथपासनं सुरुवात केली. तो वाकून शांतपणे म्हणाला, "पावणं, एवढा ऊस दिसला न्हाय व्हय तुमास्नी?" मी त्याला आणखी दोन शिव्या घातल्या.

पुढच्या रविवारी सकाळी पोरगी शेजारी येऊन बसली. गालावर खपली. मी बघतो की तुमच्याबरोबर, म्हणाली. कोल्हापूरच्या पोरी अशाच, पोरांगत बोलतात. भिशील म्हणालो तर म्हणाली, तुम्हीच भिताय. जिना आला. मी हळूहळू चढायला लागलो.

"पप्पा, ती बघा की. छताला चिकटलीय."

"कुठं?"

"डावीकडं वर. मघापासनं तिथंच हाय."

मी गेम थांबवला. पडदा जागच्या जागी गोठला. मला छत दिसत होतं, कोपऱ्यातली जळमटं दिसत होती, बाई नव्हती. मग मी मान वर करून सरळ तिकडं बघितलं आणि ती होती. उलटी, हात पसरलेली, माझ्याकडंच बघत. नजर परत पडद्याच्या मध्ये आणली. बाई गेली. तिथं काळा डाग पडला असता तरी परवडलं असतं, निदान कळलं तरी असतं. तिथं छान कोरं छत होतं. माझंच डोकं मला फसवत होतं आणि किती दिवस फसवत होतं, देवाला ठाऊक.

पोरीला म्हटलं, तू तिथं टीव्हीजवळ उभी राहा, हात वर कर, बोटं दाखव, मी मध्ये बघत राहतो. तिला तो खेळ वाटला. किती, किती, करत ती बोटं नाचवत होती आणि मला तिचा दंडापर्यंतचा हात दिसत होता, पुढं काहीच नव्हतं. ती खदखदून हसायला लागली, तुम्हाला एवढंबी येत न्हाय म्हणून.  तिच्या गालावरच्या खपलीकडं बघितलं आणि तो ड्रायव्हर काय म्हणाला ते मला त्या क्षणी समजलं. ऊस लोंबत होता तो डावीकडं वरच. मी तो बघितलाच नव्हता. जरा वर लागलं असतं तर पोरीचा डोळा गेला असता, माझ्यामुळं.

मी तसाच स्वयंपाकघरात गेलो आणि बायकोला सगळं सांगितलं. यंत्राचा आवाज, दाबलेलं बटण, ओके म्हणून मारलेली थाप, ट्रॉली, सगळं. तिनं तव्यावरची भाकरी उतरवली, गॅस बंद केला.  मला वाटलं आता आभाळ कोसळणार. ती एवढंच म्हणाली, "आबांचं एवढं बघून पण?" मला ओरडा परवडला असता.

दुसऱ्या दिवशी शिफ्टला दांडी मारली. स्कूटर बायकोनं चालवली, पोरगी मधे, मी मागं. पोरीच्या शाळेला सुट्टी होती, तिला घरी ठेवायला कुणी नव्हतं आणि बायको म्हणाली, येऊ दे, बापाची अक्कल तिलाबी कळू दे.

परत हनुवटी टेकवली. परत पट्टी. मोटरचा आवाज आला आणि अंगठा आपोआप उचलला गेला. मी तो आवरून धरला. ठिपका दिसला तर दाबायचं, नाहीतर नाही, एवढंच मनात घोकत बसलो. सुरुवातीला दिसत होते. मग आवाज यायचा आणि काही नाही. परत आवाज, परत काही नाही. प्रत्येक वेळी मला माहीत होतं की आत्ता, या घडीला, समोर कुठंतरी एक दिवा लागलाय. मी आयुष्यात कुठल्या भुताला एवढा भ्यालो नाही. डोळ्यातनं पाणी येऊन नजर धूसर व्हायला लागली तशी टेस्ट घेणाऱ्या पोरीनं यंत्र थांबवलं, रुमाल दिला, पाणी दिलं. या खेपेला काका म्हणाली त्याचा राग आला नाही.

डॉक्टरांनी कागद आमच्यापुढं ठेवला. दोन गोल, दोन्हींच्या डाव्या वरच्या अंगाला काळं. उजव्या डोळ्याचं जास्त. गेलंय ते परत येत नाही, म्हणाले. रोज थेंब घालायचे, एकही दिवस चुकवायचा नाही, तर राहिलेलं टिकवता येईल. गाडी तूर्त बंद. मी विचारलं, तीन-चार महिन्यांपूर्वी आलो असतो तर? ते म्हणाले, यातलं थोडं वाचलं असतं. किती ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बायको त्या काळ्या भागावर बोट ठेवून बसली होती.

मग ते लिहिता लिहिता म्हणाले, तुमच्या वडिलांना, आता तुम्हाला. हे रक्तातनं येतं. मुलं किती?

"एक पोरगी," बायको म्हणाली. "दहा वर्षांची. भाईर बाकड्यावर बसलीय."

 माझ्या तोंडात आलं ते असं: आज नको, परीक्षा झाल्यावर बघू, पंधरा दिवसांनी आणतो. ओठापर्यंत आलं होतं. बायको माझ्याकडं बघत होती आणि उठत नव्हती.

मी उठलो, दार उघडलं आणि पोरीला आत बोलावलं.