भूगोलाच्या सरांना डावं-उजवं कळत नव्हतं

आमचे महाजन सर स्वतःच्या घराचा रस्ता चुकायचे.

चेष्टा नाही करत. बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यात जन्म गेला माणसाचा, तरी दूध घ्यायला निघाले की परत येताना दोन गल्ल्या पुढे जायचे आणि दुसऱ्याच्या ओट्यावर बसून पेपर वाचायचे. मग काकू मला पाठवायच्या, "जा रे, सरांना घेऊन ये."

आणि हा माणूस छत्तीस वर्षं भूगोल शिकवत होता.

कारण विचारलं तर म्हणायचे, माझी चूक नाही. मी लहान होतो तेव्हा राज्यांची जोडाजोड चालली होती. घरात मराठी, शाळेत हिंदी, आणि भिंतीवरचा नकाशा दरवर्षी नवा. दिशा बसायला वेळच मिळाला नाही.

आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं.

रिटायर झाल्यावर सरांनी काय करावं? लोक पोथी वाचतात, नातवंडं सांभाळतात. सरांनी जंगलात ट्रेल काढला. तापीच्या काठाने, केळीच्या बागांच्या कडेने, पुढे नाला धरून सागाच्या जंगलात आणि वर जुन्या दगडखाणीपर्यंत. बुऱ्हाणपूरच्या तटाचा दगड त्याच खाणीतून आला असं ते छातीठोक सांगायचे. पुरावा मागितला की चहा मागवायचे.

पण खाण बघण्यासारखी होती, हे खरं. काळ्या कातळावर छिन्नीच्या खुणा अजून जशाच्या तशा. सर त्यावर हात फिरवायचे आणि म्हणायचे, "हे ज्यांनी फोडलं त्यांचं नाव कुठे आहे का? निदान रस्ता तरी राहू दे."

त्यांना एकच पाहिजे होतं. जंगलाच्या तोंडाशी एक बोर्ड. बाण आणि "जुनी दगडखाण". बस. त्यासाठी किती अर्ज केले, देव जाणे.

आम्ही दर रविवारी सात-आठ जण जायचो. सर पुढे, आम्ही मागे. सर म्हणाले "डावीकडे" की आम्ही गुपचूप उजवीकडे वळायचो.

शेवटी स्वतःलाच कंटाळून त्यांनी खुणा बांधल्या. काकूंच्या जुन्या लाल लुगड्याच्या चिंध्या, दर पंधरावीस झाडांमागे एक. काकू आठवडाभर बोलल्या नाहीत. लुगडं लग्नातलं होतं.

आणि नेमकं तेव्हाच वनखात्याचे एक साहेब ट्रेल बघायला यायला तयार झाले. रविवारी सकाळी सर इस्त्रीच्या शर्टात. आम्ही जंगलात शिरलो आणि बघतो तर काय, सगळीकडे चिंध्या! लाल, हिरव्या, पिवळ्या. सागाला, पळसाला, मोहाला, साध्या बोरीलासुद्धा.

झालं असं की सरपणाला येणाऱ्या बायांनी लाल चिंध्या बघितल्या. त्यांना वाटलं कोणीतरी नवस बोललंय, म्हणजे जागा जागृत असणार. मग काय, त्यांनीही बांधल्या. कोणी पोरीच्या लग्नासाठी, कोणी पोराच्या नोकरीसाठी. एकीने म्हशीसाठी बांधली होती.

सर थांबले नाहीत. चिंधी दिसेल तिकडे चालत राहिले. एकाच मोहाच्या झाडापाशी आम्ही तीनदा आलो. तिसऱ्यांदा साहेबांच्या बुटाचा तळ सुटला.

साहेबांनी विचारलं, "मास्टरजी, हम घूम रहे हैं क्या?"

सर म्हणाले, "जी, सर्क्युलर ट्रेल है."

दोन तासांनी आम्ही एका केळीच्या बागेतून बाहेर पडलो. शेतमालकाने सगळ्यांना चहा पाजला, साहेबांच्या बुटाला सुतळी बांधून दिली. साहेब भला माणूस, हसतच गेले. पण बोर्ड काही आला नाही.

सर मात्र हसले नाहीत. दोन दिवस ओट्यावर बसून होते, स्वतःच्याच ओट्यावर, त्यामुळे आम्हाला जास्त काळजी वाटली.

तिसऱ्या दिवशी म्हणाले, चल, सगळ्या चिंध्या सोडून टाकू. गेलो. पहिल्याच गाठीला हात घातला तर मागून एक बाई, डोक्यावर मोळी.

"मास्तर, ती माझी हाय. पोरीचं जमत आलंय. नका सोडू."

सरांनी गाठ परत बांधली. डबल बांधली.

त्यानंतर ट्रेलचं मेंटेनन्स गावातल्या लग्नांवर चालायचं. सर दर रविवारी चौकशी करायचे, जमलं का, लागली का नोकरी. नवस फिटला की त्या बाईच्या समोर चिंधी सोडायचे. म्हशीची सोडली त्या दिवशी आम्हाला खरवस मिळाला.

मागच्या वर्षी सर दवाखान्यात होते तेव्हा काकू मला म्हणाल्या, "मला ते झाड दाखव." अकरा वर्षांत एकदाही जंगलात न आलेली बाई, गुडघे धरून मोहापर्यंत चालली. पिशवीतून सरांच्या निळ्या चौकटीच्या शर्टाची बाही काढली आणि बांधली. मी दुसरीकडे बघत होतो.

चौथ्या दिवशी सर गेले.

आज आम्ही काकूंना घेऊन परत गेलो. बाही तिथेच होती, उन्हाने विटलेली. नवस काही फिटला नाही, मग ठेवायची कशाला, असं मला वाटलं. रागच आला होता मला, खरं सांगतो. मी गाठीला हात घातला.

काकूंनी माझा हात धरला.

"राहू दे. बोर्ड तर लागला नाही. त्या माणसाला खुणेशिवाय घर सापडत नाही."

सर, तुमच्या सगळ्या रविवारवाल्यांचा नमस्कार.

कुठे असाल तिथून निघा. मोहाच्या झाडापाशी निळी बाही दिसेल, तिथून डावीकडे.

तुमचं डावं नाही. आमचं.