नकाशात नसलेली ओसरी

कुणाच्याही नव्या घरात पाऊल टाकले की काका बसण्यापूर्वी विचारत, "उत्तर कुठे?" ऑस्ट्रेलियातल्या टार्निट उपनगरातल्या आमच्या मराठी मंडळींनी याचा एकच अर्थ काढला आणि काकांना वास्तुशास्त्राचे जाणकार ठरवून टाकले. यजमान त्यांना हळूच बाजूला घेत. "काका, देवघर इथे चालेल ना?" काका भिंतीवर टिचकी मारून गंभीरपणे सांगत, "देवाला चालेल. पण ह्या खिडकीला छज्जा नाही. जानेवारीच्या उन्हात तुमचं काही खरं नाही."

काका निवृत्त वास्तुविशारद होते आणि मुलीकडे राहत. त्यांचे घर आमच्या कुंपणापलीकडे. त्यांना जाऊन आता एक हिवाळा झाला. असा एखादा माणूस आपणही पाहिला असेल, यात नवे ते काय असे वाटेल, म्हणून हे भीतभीतच लिहिते आहे.

आमच्या घरी त्यांनी तोच प्रश्न विचारला, तेव्हा मी लगेच उत्तरेकडे हात केला. घरांचे नकाशे काढणे हीच माझी नोकरी. "म्हणजे तू आमच्यातली," ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून कुंपणावरून हाका सुरू झाल्या.

तरुणपणी काका शिष्यवृत्तीवर पुण्याहून अमेरिकेच्या दक्षिण भागात शिकायला गेले होते. इतर कॉलेजांची दारे कृष्णवर्णीयांना बंद होती त्या काळात, त्यांच्यासाठी म्हणून उभे राहिलेले ते कॉलेज. त्याच्या अभिलेखागाराने इमारतींचे जुने नकाशे आणि पत्रे आता इंटरनेटवर ठेवली होती. काका रोज सकाळी वर्तमानपत्रासारखी ती वाचत.

"ऐक गं! ह्या प्राचार्यांनी कंत्राटदाराला कळवलंय, पत्रावरचा हा डाग तुमच्याच छपरातून पडलाय. आणि डाग अजून आहे!"

एका सकाळी मात्र हाक आली नाही. काका स्वतःच आले. कॉलेजच्या जुन्या वसतिगृहाची दुरुस्ती निघाली होती. मूळ नकाशात आहे तेवढेच ठेवायचे, असे कॉलेजच्या दुरुस्ती समितीने ठरवले होते. स्वयंपाकघरामागची लाकडी ओसरी कोणत्याही नकाशात नव्हती, एकाही पत्रात नव्हती. ती पाडली जाणार होती.

"नकाशात नसणारच. आम्ही पोरांनी एका सुट्टीत ठोकली ती. आर्किटेक्चरचे विद्यार्थी, आणि कागदावर एक रेघ न मारता बांधकाम!" काका हसले, पण हसू टिकले नाही.

मग त्यांनी सांगितले. तिथल्या मेसमध्ये घेवड्याच्या उसळीतसुद्धा मांस असे. शाकाहारी काका कित्येक दिवस पाव आणि केळी खाऊन राहिले. हे स्वयंपाकीणबाईंच्या लक्षात आले. त्यांनी काही न विचारता एक पातेले वेगळे काढले, आणि चारचौघांत या मुलाला संकोच नको म्हणून त्याला मागच्या पायरीवर वाढू लागल्या. मुले त्याला "बाईंचा धाकटा" म्हणून चिडवत. पण हा पावसात भिजत जेवतो हे पाहिल्यावर त्याच मुलांनी त्या पायरीवर छप्पर घातले. तीच ती ओसरी.

"मग हेच त्यांना लिहा ना, काका."

"छे! माझ्या जेवणाची गोष्ट कशाला? आपण ड्रॉइंग पाठवू. ड्रॉइंगला लाज वाटत नाही."

काकांचा हात थरथरे, म्हणून रेषा मी काढायच्या आणि मापे त्यांनी आठवायची असे ठरले. "भिंतीला टेकून पाय पसरले की टाचा कठड्याला लागायच्या," असे म्हणून ते आमच्या मागच्या अंगणात भिंतीला टेकून बसलेदेखील. मी टेप लावला.

कुंपणापलीकडून त्यांची मुलगी ओरडली, "बाबा! डॉक्टरांनी खाली बसू नका म्हणून सांगितलंय!"

"बसलो नाहीये! मोजमाप चाललंय!"

त्यांना उठवायला आम्ही दोघी लागलो.

ड्रॉइंग गेले आणि समितीने काकांना व्हिडिओवर बैठकीला बोलावले. तिथली दुपार म्हणजे आमची पहाट. मुलगी शिफ्टला गेली होती, म्हणून काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून माझ्या लॅपटॉपपुढे येऊन बसले. अध्यक्षांनी ड्रॉइंगचे कौतुक केले आणि विचारले, "पण ही ओसरी का ठेवावी? तिथे काय होत असे?"

"काही मुलं जेवत," काका पुटपुटले.

"कोणती मुलं?"

काका शर्टाची बाही सारखी करू लागले. आता तरी ते बोलतील की नाही, या धास्तीने मी त्यांच्याकडे पाहत राहिले.

"मी," ते शेवटी म्हणाले. मग पातेले, पाऊस आणि छप्पर, सगळे त्यांनी मोजक्या वाक्यांत, मान खाली घालून सांगितले.

पडद्याच्या कोपऱ्यात पांढऱ्या केसांच्या एक बाई होत्या, समितीतल्या जुन्या विद्यार्थिनी. त्यांनी आपला माइक सुरू केला.

"ते पातेलं माझ्या आईचं," त्या म्हणाल्या. "लहानपणी मी त्यात मांसाचा चमचा बुडवला, तर आईनं मला बदडलं होतं. म्हणाली, ते त्या मुलाचं आहे, त्याची आई फार लांब आहे."

काका उभे राहिले. कॅमेरा होता तिथेच राहिला. त्या बाई आईच्या आठवणी सांगत होत्या, आणि समितीला काकांच्या जागी फक्त शर्ट दिसत होता.

"काका, बसा. तुमचा चेहरा दिसत नाहीये त्यांना," मी कुजबुजले.

"ती तिच्या आईबद्दल बोलतेय गं. बसून कसं ऐकू?"

ओसरी राहील, असे अध्यक्षांनी जाहीर केले, तेव्हाही आमच्या चौकटीत पांढऱ्या शर्टाची बटणेच तेवढी होती, श्वासाबरोबर वरखाली होणारी.